तिसाव्या अवजाराची जागा

अर्जात मागणी नसेल तर तो अर्ज नव्हे, हे माझे तत्त्व होते आणि ते मी कोणत्याही पुस्तकातून उचललेले नव्हते. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. तथापि पांढुर्ण्याच्या तहसील कचेरीबाहेर कडुलिंबाखाली टेबल मांडून मला अठ्ठावीस वर्षे झाली. फेरफार, वारसनोंद, रेशनकार्ड, शेजाऱ्याची भिंत, नवऱ्याचा मार अशा सर्व विषयांवर माझ्या टंकयंत्रातून जे अर्ज बाहेर पडले, त्यांची भाषा पाहून एका अधिकाऱ्यांनी मला 'आपण वकील आहात काय?' असे विचारले होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हातून जी चूक झाली, तिचे वजन वाचकाला कळावे म्हणून सांगतो.

या अठ्ठावीस वर्षांत मागणीविना अर्ज घेऊन माझ्याकडे एकच मनुष्य आला.

ते गृहस्थ उंच, सडसडीत, सत्तरीचे. खाकी शर्ट, वरची गुंडी लावलेली, आणि खिशाला पितळेचा एक गोल बिल्ला अडकवलेला.

"जयभीम, मुन्शीजी," ते म्हणाले. "एक दरखास्त लिहाची आहे."

"जयभीम. बसा काका. काय मागायचे आहे?"

"मागाचं काही नाही. एक गोष्ट इचाराची आहे."

"विचारायचे म्हणजे शेवटी मागायचेच."

"नाही जी. जवाब पायजे फक्त."

मग त्यांनी प्रश्न सांगितला. एकाहत्तरच्या लढाईत ते वायुदलात मेकॅनिक होते, पश्चिमेच्या सरहद्दीजवळच्या एका तळावर. उडण्यापूर्वी विमान तपासून वहीत सही करणे, हे त्यांचे काम. एका दुपारी त्यांच्या सहीने गेलेले एक विमान परत आले नाही. ते कशाने पडले, एवढेच त्यांना वायुदलाच्या दफ्तराला विचारायचे होते.

मी त्यांना समजावले की सरकारला प्रश्न विचारायचा नसतो, विनंती करायची असते. 'सबब, मेहेरबान साहेबांनी' या शब्दांनंतर काही तरी आलेच पाहिजे. जमीन, दाखला, नाही तर निदान सन्मानपत्र.

ते शांतपणे उठले. "मंग तुम्ही शिकून घ्या. मी येतो पंधरा दिवसानं."

आणि ते खरोखर पंधरा दिवसांनी आले. पुढे चार-पाच वर्षे येत राहिले. मी हाताने मसुदा करायचा, त्यांनी चष्मा लावून तो वाचायचा, 'वीर', 'पराक्रमी', 'देशासाठी प्राण पणाला लावून' अशा शब्दांवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि कागद मला परत द्यायचा. माझ्या उत्तमोत्तम वाक्यांचा असा संहार दुसऱ्या कोणी केला असता तर मी त्याला टेबलापुढे उभे केले नसते. परंतु मसुदा परत करताना ते म्हणत, "अक्षर चांगलं आहे." त्यावर राग धरणे कठीण होते.

जाम नदीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते. फवारणीचे पंप आणि विहिरीवरच्या मोटारी ते दुरुस्त करीत. दुकान म्हणजे दहा फुटांची खोली. तिच्या मागच्या भिंतीवर एक मोठी फळी होती, पांढऱ्या रंगाने रंगवलेली, आणि तीवर प्रत्येक अवजाराची काळी आकृती काढलेली. पान्याच्या आकृतीवर पाना, पकडीच्या आकृतीवर पक्कड. एखादे अवजार खिळ्यावरून काढले की मागची काळी सावली उघडी पडे आणि काय बाहेर आहे ते दारातूनच कळे. काढलेल्या अवजाराच्या खिळ्यावर ते आपला पितळी बिल्ला अडकवीत. काम झाले की अवजार जागेवर जाई आणि बिल्ला खिशावर येई. वायुदलातली रीत होती ती. त्यांनी ती पांढुर्ण्यात आणली आणि एकट्याने चालवली.

फळीवर आकृत्या होत्या तीस. अवजारे एकोणतीस. खालच्या कोपऱ्यात एका लहान पेचकसाची आकृती कायम रिकामी असे. तिच्यावर बिल्लाही नसे.

"काका, पेचकस मी आणून देतो," मी एकदा म्हणालो. "बाजारात कुठेही मिळेल."

"ती जागा त्याची आहे."

"कोणाची?"

"जो नाही त्याची," असे म्हणून ते पंप उघडू लागले. मी फार चौकशी केली नाही. मोठ्या माणसांच्या एखाद्या विचित्रपणाला जागा ठेवावी, असे माझे मत आहे.

त्यांच्या दुकानातून पंप सहज बाहेर पडत नसे. आधी अवजारांची मोजणी, मग वहीत त्यांची सही, मग गिऱ्हाइकाची. 'पाहिले, मोजले, दिले' असे एका रकान्यात आणि 'पाहिले, घेतले' असे दुसऱ्यात. शेतकरी वैतागत. "काका, पंप नेऊन राहिलो, नवरी नाही!" असे मोहगावच्या एका संत्रेवाल्याने म्हटल्याचे मला आठवते. काकांनी त्याच्यापुढे वही सरकवली. "नवरी परत येते माहेरी. पंप बंद पडला तं तू येशीन बोंबलत. कर दस्तखत."

याच संत्रेवाल्याकडे एकदा काका भर उन्हात जाऊन धडकले. झाले असे की संध्याकाळच्या मोजणीत दहा नंबरचा पाना कमी भरला. दिवसभरात एकच पंप गेलेला, मोहगावचा; तो देताना मोजणी पूर्ण भरली होती, पण तेव्हा आपलीच मोजणी चुकली असेल असे काकांनी धरले. दुसऱ्या दिवशी काका पहिल्या बसने निघाले, सौंसरला बस बदलली आणि संत्रेवाला जेवायला बसलेला असताना त्याच्या अंगणात उभे राहिले.

"पंप खोल."

"काका, बाप्पा! एका पान्यासाठी आले का तुम्ही इतक्या दूर? अन् पंप तं मस्त चालून राहिला!"

"चालून राहिला म्हणूनच म्हणतो. बंद पडल्यावर खोलला तं काय फायदा?"

पंप उघडला. पाना नव्हता. संत्रेवाल्याने त्यांना भाकर खाऊ घातली, पंप पुन्हा जोडून घेतला आणि वहीवर दुसऱ्यांदा सही केली. काका परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. माझ्या अर्जांचा गठ्ठा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर जे वजन ठेवलेले होते, त्याकडे पाहत राहिले.

ते वजन म्हणजे दहा नंबरचा पाना होता. आदल्या दिवशी टंकयंत्राचा एक बोल्ट आवळण्यासाठी मी तो त्यांच्या फळीवरून उचलला होता आणि ते दुसऱ्या पंपात डोके घालून बसलेले पाहून सांगायचे राहून गेले होते.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "मी मोहगावची भाकर खाऊन आलो तुमच्या पायी."

मला वाटले होते, ते संतापतील. त्यांनी खिशातून दुसरा एक बिल्ला काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा. आता तुम्ही दुकानातले झाले." तो बिल्ला आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

विमानांविषयी ते क्वचितच बोलत. विमानाला ते नेहमी 'जहाज' म्हणत. गावात मात्र सर्वांची समजूत अशी होती की काकांनी शत्रूवर बाँब टाकले. मागे जेव्हा सरहद्दीवर तणाव वाढला आणि चहाच्या टपरीवरच्या टीव्हीवर दिवसभर विमाने, क्षेपणास्त्रे आणि ड्रोन फिरू लागले, तेव्हा लोक मुद्दाम त्यांना बोलावून पुढे बसवीत.

"काका, पाहा, आपले किती जहाज गेले!"

"गेले किती ते नका सांगू," काका म्हणाले. "आले किती?"

"ते नाही सांगून राहिले."

"मंग त्याले अर्धीच बातमी मालूम आहे."

याच टपरीवर मी त्यांना एकदा विचारले की युद्धात विमानाचे नेमके महत्त्व काय. प्रश्न मी जरा विद्वत्तापूर्ण रीतीने विचारला होता. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "फौजी चालत जाते तेव्हा त्याले थकवा येते, भूक लागते, रस्त्यात माणसं दिसते. लढाई हळूहळू त्याच्या अंगावर येते. जहाज जाते अन् येते. वीस मिनिटात जाते, वीस मिनिटात येते. सकाळी चहा पिऊन गेलेला माणूस दुसऱ्या चहाले परत. अन् मधातल्या टायमात तिकडं गाव खतम. एवढंच महत्त्व आहे."

"म्हणजे वाईटच म्हणायचे?"

"आपल्या पोट्ट्याईवर तिकडून रणगाडे आले होते ना, तेव्हा जहाजं नसते तं ते पोट्टे संपले असते. त्याईले इचारा वाईट का चांगलं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते. नदीच्या अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, आणि मध्ये दगड. गेल्या काही वर्षांपासून बंदोबस्तासाठी आकाशात ड्रोन फिरतो. काका पुलाच्या अलीकडे उभे राहून खाली नदीकडे न पाहता वर त्या ड्रोनकडे पाहत असत.

"त्यातून सगळे दिसते म्हणतात," मी म्हणालो.

"सगळं दिसते. रगत नाही दिसत. वरून माणूस ठिपक्याएवढा दिसते, मुन्शीजी. खालच्याले दगड मारताना निदान समोरच्याचं तोंड तं दिसते. कधी कधी त्याच्यानं हात थांबते." मग थोडे थांबून म्हणाले, "मले तं ठिपकेबी नाही दिसले. मी फक्त धाडत होतो."

पुढे तो मोहगावचा संत्रेवालाच फवारणीचा ड्रोन घेऊन त्यांच्याकडे आला. एक पाते वाकले होते. काकांनी ड्रोन चहूकडून पाहिला, हात लावण्याआधी विचारले, "याचा पायलट कोन?"

"मी. मोबाईलवर चालवतो."

"तू खाली, हे वर. पडलं तं तुले काय होते?"

"मले काय होईन? काहीच नाही."

"तेच तं," काका म्हणाले. पाते सरळ केले, अवजारे मोजली आणि वही पुढे केली. संत्रेवाल्याने या वेळी काही न बोलता सही केली.

आता माझ्या चुकीविषयी.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि शस्त्रक्रियेसाठी त्यांना नागपूरला जायचे होते. आदल्या दुपारी ते माझ्याकडे आले. "डोळे काही सांगता येत नाही. जाण्याआधी ती दरखास्त धाडा." दुर्दैवाने त्या दिवशी माझ्या यंत्राची फीत संपली होती. सौंसरहून येणारी नवी फीत दुसऱ्या दिवशी मिळणार होती. आमच्या धंद्यात यावर एक जुनी सोय आहे. कोऱ्या कागदाच्या तळाशी पक्षकाराची सही घ्यायची आणि मजकूर मागून भरायचा. मी त्यांना ती सुचवली.

ते कोऱ्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. पेन दोनदा खाली ठेवले. शेवटी म्हणाले, "तुमच्या भरोशावर," आणि सही केली.

मी वाईट हेतूने काही केले नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. उलट मनात विचार आला की या माणसाने देशासाठी एवढे केले आणि याला कोणी विचारले नाही. चार-पाच वर्षे त्यांनी कापून टाकलेली माझी सर्व वाक्ये मी त्या कागदावर परत आणली. 'अर्जदाराने स्वतः विमानातून शत्रूच्या ठाण्यांवर निर्भयपणे मारा केला' हे वाक्यही मी लिहिले, कारण गावात सर्व तसेच म्हणत होते. त्यांचा प्रश्न मी शेवटच्या परिच्छेदात ठेवला आणि त्याच्याखाली 'सबब अर्जदाराचा यथोचित गौरव व्हावा' असे लिहून अर्ज रवाना केला. पांढुर्णा मध्य प्रदेशात, म्हणून अर्ज अर्थातच हिंदीत होता, आणि हिंदीत ते वाक्य आणखीच शोभून दिसत होते.

उत्तर काही महिन्यांनी आले. तोवर काकांचे डोळे नीट झाले होते. त्यांनी ते उत्तर स्वतः वाचले. त्यात लिहिले होते की नोंदीप्रमाणे अर्जदार देखभाल विभागात होते, त्यांनी कधीही विमान उडवलेले नाही, आणि अशी असत्य विधाने करून गौरव मागणे माजी सैनिकास शोभत नाही. प्रश्नाविषयी एक अक्षर नव्हते.

ते माझ्या टेबलासमोर बसले. कागद माझ्यापुढे ठेवला.

"मुन्शीजी, हे जहाज कोनं उडवलं?"

मी म्हणालो, "काका, तुमच्याच भल्यासाठी..."

"नाही. मले सांगा. कोनं उडवलं?"

मी यंत्रात कोरा कागद घातला आणि तसाच परत काढला. अठ्ठावीस वर्षांत माझ्या टेबलावर असे झाले नव्हते.

"मी जिंदगीत दोनदा न पाहता दस्तखत केली," ते म्हणाले. "एकदा तिकडं, अन् एकदा तुमच्या टेबलावर."

मग त्यांनी मला ते सांगितले, जे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. त्या दिवशी जहाजे सकाळपासून जात होती, येत होती. आले की इंधन, दारूगोळा, तपासणी, पुन्हा रवाना. तिसऱ्या फेरीला त्यांनी झाकण बसवले, पिशवीतली अवजारे मोजली. तीस पाहिजे होती, एकोणतीस भरली. लहान पेचकस नव्हता. जमिनीवर पाहिले, खिशात पाहिले. वैमानिक आत बसलेला, पंचविशीचा असेल. त्याने वरून विचारले, 'सब ठीक?' पेचकस आत राहिला असेल तर तो उडताना यंत्रात अडकून जहाज पाडू शकत होता, आणि शोधायचा तर जहाज थांबवून सगळे उघडावे लागले असते. तिकडे आपले जवान वाट पाहत होते.

"मी म्हणलं, ठीक साहेब. वहीत लिहिलं, तीस. दस्तखत केली. त्यानं माह्या दस्तखतीखाली आपली केली. दोन जहाजं गेले. एक आलं."

मी विचारले, "तुम्ही कोणाला सांगितले नाही?"

"रात पडायच्या आत आमची बदली झाली दुसऱ्या तळावर. कोनी इचारलं नाही. मी सांगितलं नाही. पन्नास वर्षं झाले, मी रोज मोजून राहिलो."

त्या दिवशी मी बाकीच्या पक्षकारांना परत पाठवले. यंत्रावर झाकण घातले आणि हाताने लिहायला घेतले. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. विमानाचा क्रमांक त्यांना पाठ होता. मराठीत सांगायचे तर मजकूर एवढाच होता: 'या विमानाच्या देखभालीच्या वहीवर माझी सही आहे. ते परत आले नाही. ते शत्रूच्या माऱ्याने पडले की बिघाडाने, एवढे कळवावे. मला दुसरे काही नको.'

"पेचकसाचे लिहू?" मी विचारले.

"आधी हे इचारा."

मी तो कागद त्यांना वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि सही केली. त्यानंतर मी दुसरा कागद घेतला आणि त्यावर लिहिले की आधीच्या अर्जातील असत्य विधाने अर्जदाराची नसून ती अर्ज लिहिणाऱ्याची आहेत, अर्जदाराची सही कोऱ्या कागदावर घेतली होती, आणि याबद्दल अर्ज लिहिणारा क्षमा मागतो. त्याखाली माझी सही केली. लोकांच्या सह्यांवर मी आयुष्य काढले, पण कचेरीत जाणाऱ्या कागदावर माझी ही पहिलीच सही होती. काकांनी तोही कागद वाचला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

उत्तराची आम्ही दोघांनी वाट पाहिली. काका रोज चार वाजता येत, टेबलाच्या कोपऱ्यावर बोटांनी ठोकत, मी मान हलवी, ते परत जात. असे एक पूर्ण वर्ष गेले. संत्र्याचा एक बहर येऊन गेला.

मग लिफाफा आला. मी तो न उघडता दुकानात नेला. काकांनी हात पुसले, हातातले अवजार जागेवर ठेवले, बिल्ला खिशाला लावला आणि मग लिफाफा फोडला. आत सहा ओळी होत्या. सोबतच्या विमानाच्या वैमानिकाने त्याच दिवशी नोंदवले होते की लक्ष्यावरून वळताना जमिनीवरून झालेल्या माऱ्याने त्या विमानाने पेट घेतला. तोपर्यंत ते सुरळीत उडत होते.

त्यांनी शेवटचे वाक्य बोट ठेवून वाचले. मग स्टुलावर बसले.

"काका, सुटलात तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी फळीकडे पाहिले. "जहाज पडलं ते माह्यानं नाही," ते हळू म्हणाले. "हे चांगलं झालं. लय चांगलं झालं." मग म्हणाले, "पण तीस लिहिलं ते माह्यानंच, मुन्शीजी. ते कोनाच्या तोफेनं नाही लिहिलं."

"त्याबद्दल आणखी एक अर्ज करू?"

"कोनाले करता? ज्यानं माह्याखाली दस्तखत केली, तो तं नाही."

ते उठले. त्यांनी तो कागद घडी घालून त्या रिकाम्या आकृतीवरच्या खिळ्याला अडकवला. कागद आकृतीपेक्षा मोठा होता, म्हणून ती झाकली गेली. पंख्याचा वारा आला की कागद हले आणि खालून पेचकसाची काळी मूठ दिसे. ते दिसू देत, कधी दाबून बसवीत नसत.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. दुकान रिकामे करताना त्यांच्या सुनेने मला बोलावले. सासऱ्यांनी सांगून ठेवले होते की फळी मुन्शीजींना द्यायची, पण मोजून द्यायची. तिने वही काढली, पेन माझ्या हाती दिले. आम्ही दोघांनी एकेक अवजार मोजले.

"एकोणतीस होतेत, भाऊजी," ती गोंधळून म्हणाली. "रेघा तं तीस आहे. एक कुठी पडलं का? तीस लिहून टाका ना, सापडलं का मी आणून देईन."

मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग काकांच्या रकान्याखाली, त्यांच्याच शब्दांत, 'पाहिले, मोजले, घेतले' असे लिहिले, त्यापुढे एकोणतीस हा आकडा घातला आणि सही केली.